घरगुती संगणकाच्या संचालन प्रणालीचे श्रेणीवर्धन

घरगुती संगणकाच्या संचालन प्रणालीचे श्रेणीवर्धन म्हणजे घरी वापरात असलेल्या संगणकावरील जुनी संचालन प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टीम) काढून किंवा तिच्यावरच बदल करून तिच्या जागी नवी आवृत्ती बसवणे होय. व्यवहारात यास 'अपग्रेड करणे' किंवा 'नवी विंडोज टाकणे' असे म्हणतात. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या आवृत्तीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. त्यामुळे हा निर्णय घेण्याची वेळ महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांवर आली. मराठीत लेखन करणाऱ्यांच्या बाबतीत हा निर्णय यंत्राची क्षमता आणि खर्च यांपुरता मर्यादित राहत नाही. जुन्या संगणकात साठलेला मराठी मजकूर नव्या प्रणालीत वाचता येईल का, हा प्रश्नही त्यात गुंतलेला असतो.

संज्ञा

अद्यतन (अपडेट) आणि श्रेणीवर्धन (अपग्रेड) या दोन संज्ञांत फरक आहे. आहे त्याच आवृत्तीतील दोष दूर करणाऱ्या, वेळोवेळी येणाऱ्या लहान दुरुस्त्यांना अद्यतन म्हणतात. विंडोज १० जाऊन विंडोज ११ येणे हे श्रेणीवर्धन होय. आधार (सपोर्ट) या संज्ञेने उत्पादक सुरक्षाविषयक अद्यतने पुरवीत राहतो तो काळ दर्शवला जातो. आधार संपला म्हणून संगणक बंद पडत नाही. मात्र त्यानंतर सापडलेल्या दोषांची दुरुस्ती होत नाही.

पार्श्वभूमी

संगणकावर मराठी लिहिण्याची सोय संचालन प्रणालीत मुळात नव्हती. पुण्यातील प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक, स्थापना १९८८) डॉसवर चालणाऱ्या संगणकासाठी जिस्ट कार्ड उपलब्ध केले. हे कार्ड संगणकाच्या आत बसवले की पडद्यावर देवनागरी अक्षरे उमटत. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इस्की ही संकेतप्रणाली भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरीचा समावेश होता. प्रत्यक्ष वापरात मात्र श्रीलिपी, आकृती, आयएसएम, शिवाजी, कृतिदेव अशा संचांचे टंक रूढ झाले. त्यांतील बहुतेक टंकांची अंतर्गत रचना परस्परांहून भिन्न होती.

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. त्याच्या काही दिवस आधी, २५ जून १९९८ रोजी, विंडोज ९८ बाजारात आली होती. पुढे महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन लिमिटेडच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमामुळे तालुक्यातालुक्यांत संगणक प्रशिक्षण केंद्रे निघाली आणि संगणकाची ओळख शिक्षक, कर्मचारी व विद्यार्थी यांच्या घरापर्यंत पोहोचली. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६० असून त्यांपैकी पाचांतील सुमारे चार जण ग्रामीण भागात राहतात. त्याच जनगणनेत भारतातील केवळ ९.५ टक्के कुटुंबांकडे संगणक असल्याची नोंद आहे. अशा ठिकाणी घरातील एकच संगणक अनेक वर्षे आणि अनेक जणांच्या उपयोगी पडतो. त्यामुळे त्यात साठलेल्या मजकुराचे मोल यंत्राच्या किमतीहून अधिक असू शकते.

विंडोजच्या आवृत्त्या आणि देवनागरी

मराठी वापरकर्त्यांच्या दृष्टीने विंडोजच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत पुढील बदल महत्त्वाचे ठरले.

विंडोज ९८ : संचालन प्रणालीच्या पातळीवर युनिकोड देवनागरीची सोय नव्हती. मराठी लेखन खासगी टंकसंचांवर अवलंबून होते.

विंडोज २००० (वर्ष २०००) : युनिकोड देवनागरीचा आधार आणि 'मंगल' हा टंक समाविष्ट झाला.

विंडोज एक्सपी (२००१) : देवनागरीची सोय होती, पण ती आपोआप सुरू नसे. नियंत्रण पटलातील प्रादेशिक व भाषिक पर्यायांत जाऊन ती सुरू करावी लागे आणि त्यासाठी बहुधा मूळ सीडी मागितली जाई. सीडी हाताशी नसल्यास मराठी मजकूर चौकोनांच्या किंवा विस्कळीत अक्षरांच्या रूपात दिसे. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला, तेव्हा अनेक घरगुती संगणकांची स्थिती अशीच होती.

विंडोज व्हिस्टा (२००७) व विंडोज ७ (२००९) : भारतीय लिप्यांचा आधार मुळातच सुरू असतो. त्यासाठी सीडी लागत नाही.

विंडोज ८ (२०१२) : 'निर्मला यूआय' हा अनेक भारतीय लिप्या सामावणारा टंक आला.

विंडोज १० (२०१५) : मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह इत्यादी टंक पूरक देवनागरी टंकांच्या ऐच्छिक संचात गेले. मराठी किंवा हिंदी भाषा जोडल्यावर हा संच बसवला जातो. मे २०१९ मधील अद्यतनात मराठीसाठी उच्चारानुसारी (फोनेटिक) कळफलकही आला.

विंडोज ११ (२०२१) : देवनागरीची व्यवस्था विंडोज १० प्रमाणेच आहे. मात्र ही आवृत्ती केवळ ६४-बिट स्वरूपात मिळते.

या क्रमावरून असे दिसते की, एक्सपीपासून विंडोज ७ पर्यंतच्या काळात श्रेणीवर्धनामुळे मराठी लिहिणे-वाचणे प्रत्यक्ष सुलभ झाले. विंडोज १० वरून ११ वर जाताना तसा नवा भाषिक लाभ होत नाही. या टप्प्यावरील मुख्य कारण सुरक्षितता हेच आहे.

आधाराची मुदत

घरगुती वापरातील प्रमुख आवृत्त्यांचा आधार पुढील दिवशी संपला.

विंडोज ९८ – ११ जुलै २००६
विंडोज एक्सपी – ८ एप्रिल २०१४
विंडोज व्हिस्टा – ११ एप्रिल २०१७
विंडोज ७ – १४ जानेवारी २०२०
विंडोज ८.१ – १० जानेवारी २०२३
विंडोज १० – १४ ऑक्टोबर २०२५

ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ यांचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजीच संपला.

मुदत संपल्यानंतरचे परिणाम

आधार संपलेल्या संगणकावरील लेखन, छपाई, हिशेब ही कामे पूर्ववत चालू राहतात. परिणाम हळूहळू आणि दोन वाटांनी जाणवतो.

पहिली वाट न्याहाळकाची (ब्राउझर) आहे. संचालन प्रणाली जुनी झाली की काही काळाने न्याहाळकाच्या नव्या आवृत्त्या तिच्यावर बसत नाहीत. गुगल क्रोमने एक्सपी व व्हिस्टाचा आधार २०१६ मध्ये, तर विंडोज ७ व ८.१ चा आधार २०२३ च्या आरंभी बंद केला. सातबारा उतारा, शिष्यवृत्तीचा किंवा कृषी योजनेचा अर्ज, बँकेचे व्यवहार ही सर्व कामे न्याहाळकातून होतात. त्यामुळे न्याहाळक जुना झाल्यावर संगणक सुस्थितीत असूनही ही कामे अडू लागतात.

दुसरी वाट सुरक्षेची आहे. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर आज्ञावलीने विंडोजमधील एका दोषाचा उपयोग केला. त्या दोषाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, १४ मार्च २०१७ रोजी प्रसृत केली होती. बाधित संगणकांपैकी बहुसंख्य विंडोज ७ वर चालत होते, म्हणजे त्यांना आधार उपलब्ध होता, पण अद्यतन झालेले नव्हते. त्यानंतर जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या आज्ञावलीने जगभरातील अनेक संस्थांना ग्रासले. तेव्हा नवी मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. नॉटपेट्या ही मिळवलेल्या परवलीच्या शब्दांच्या साहाय्यानेही पसरत असल्याने अद्ययावत संगणकही तिच्या तडाख्यात सापडले. नवी आवृत्ती बसवणे, ती अद्ययावत ठेवणे आणि मजकुराची प्रत स्वतंत्र राखणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांपैकी एक केल्याने उरलेल्या दोन आपोआप साधत नाहीत, हे या दोन घटनांवरून स्पष्ट होते.

विंडोज ११ साठी आवश्यक यंत्रसामग्री

विंडोज ११ साठी ६४-बिट प्रक्रियक (प्रोसेसर), किमान ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण, युईएफआय सुरक्षित आरंभाची सोय आणि टीपीएम २.० हा सुरक्षा घटक आवश्यक आहे. प्रक्रियकांच्या यादीत साधारणपणे इंटेलच्या आठव्या आणि एएमडीच्या रायझन २००० या पिढीपासून पुढचे प्रक्रियक येतात. त्यामुळे २०१८ पूर्वी घेतलेले बहुतेक घरगुती संगणक या कसोटीत बसत नाहीत.

संगणक पात्र आहे की नाही, हे मायक्रोसॉफ्टच्या 'पीसी हेल्थ चेक' या मोफत साधनाने तपासता येते. टीपीएम नसल्याचा निष्कर्ष आला, तरी तो अंतिम मानता येत नाही. पुष्कळ संगणकांत हा घटक प्रक्रियकातच अंतर्भूत असतो, पण बायोसच्या मांडणीत बंद ठेवलेला असतो. इंटेलच्या संगणकात तो पीटीटी आणि एएमडीच्या संगणकात एफटीपीएम या नावाने आढळतो. याउलट प्रक्रियकच यादीबाहेरचा असल्यास काही जण पर्यायी मार्गाने अट टाळून विंडोज ११ बसवतात. अशा संगणकांना पुढील अद्यतने मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

किमान अटी पूर्ण होणे आणि संगणक सुसह्य वेगाने चालणे यांतही अंतर आहे. फिरत्या चकतीची जुनी हार्ड डिस्क असलेल्या यंत्रावर विंडोज ११ मंद चालते. तिच्या जागी एसएसडी बसवल्यास आणि स्मृती ८ जीबी केल्यास पुष्कळ फरक पडतो.

उपलब्ध पर्याय

त्याच संगणकावर विंडोज ११ : अधिकृत परवान्याची विंडोज १० असलेल्या पात्र संगणकावर हे श्रेणीवर्धन विनामूल्य आहे. धारिका आणि बहुतेक आज्ञावल्या जागच्या जागी राहतात. नवी आवृत्ती न मानवल्यास दहा दिवसांच्या आत पूर्वस्थितीत परतता येते. विंडोज १० जर ३२-बिट असेल, तर मात्र थेट श्रेणीवर्धन होत नाही, सर्व मांडणी नव्याने करावी लागते.

विस्तारित सुरक्षा अद्यतने : घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची सुरक्षा अद्यतने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत देण्याची योजना जाहीर केली. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचे खाते आवश्यक आहे. संगणकाची मांडणी त्या खात्याशी जोडल्यास ही सोय विनाशुल्क मिळते. अन्यथा ३० अमेरिकी डॉलर किंवा तितक्याच मूल्याची स्थानिक चलनातील रक्कम एकदाच भरूनही ती मिळवता येते. हा पर्याय निर्णय पुढे ढकलण्यास मुदत देतो, निर्णयाची जागा घेत नाही.

लिनक्स : उबुंटू, लिनक्स मिंट यांसारख्या मुक्त प्रणाली जुन्या यंत्रांवरही चालतात. लिनक्स मिंटला किमान २ जीबी स्मृती पुरते, ४ जीबी असल्यास बरे. पेनड्राइव्हवरून ती प्रत्यक्ष न बसवताही चालवून पाहता येते. छपाई होते का, वाय-फाय जोडले जाते का आणि मराठी कळफलक जमतो का, हे आधी तपासता येणे हा या मार्गाचा मोठा लाभ आहे. लिब्रेऑफिस या कार्यालयीन संचात मराठी युनिकोड लेखन उत्तम होते. तथापि विंडोजसाठीचे खासगी टंकसंच, अंकीय स्वाक्षरीच्या काही किल्ल्या, बोटांचे ठसे घेणारी उपकरणे आणि काही जुने लेझर प्रिंटर लिनक्सवर चालतीलच असे नाही. सी-डॅकने विकसित केलेली बॉस ही भारतीय लिनक्स प्रणालीही उपलब्ध आहे.

नवा संगणक : जुने यंत्र दहा वर्षांहून अधिक वापरलेले असल्यास आणि दुरुस्तीचा खर्च वाढत असल्यास हा पर्याय विचारात घेतला जातो. जुने यंत्र भंगारात न देता ई-कचरा (व्यवस्थापन) नियम २०२२ नुसार नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे पोहोचवणे अपेक्षित आहे. त्यापूर्वी हार्ड डिस्क काढून घ्यावी किंवा पूर्ण पुसावी.

महाजालापासून तोडलेला संगणक : जुने यंत्र आहे तसे ठेवून केवळ लेखन व छपाईसाठी, महाजालाशी न जोडता वापरणे. बँक आणि शासकीय कामे भ्रमणध्वनीवर किंवा सेवा केंद्रात करणाऱ्या कुटुंबांस हा पर्याय पुरेसा ठरतो. मात्र पेनड्राइव्हवाटे विषाणू येण्याचा धोका राहतोच.

जुना मराठी मजकूर

श्रेणीवर्धनात मराठी वापरकर्त्याचे सर्वाधिक नुकसान युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेल्या मजकुराच्या बाबतीत होऊ शकते. या टंकांत देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. उदाहरणार्थ, कृतिदेव टंकात लिहिलेला 'मराठी' हा शब्द तो टंक नसलेल्या संगणकावर ई, जे, के, बी, एच या पाच रोमन अक्षरांच्या रूपात दिसतो. संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर मराठी नसतोच, त्यास मराठीचे केवळ रूप दिलेले असते.

टंकाची धारिका विंडोज ११ वरही बसवता येते. त्यामुळे जुना मजकूर वाचता येणे सहसा थांबत नाही. अडचण येते ती लिहिण्याच्या आज्ञावलीची. १९९० च्या दशकातील काही आज्ञावल्या किंवा त्यांचे स्थापक १६-बिट असतात आणि ते ६४-बिट विंडोजवर चालत नाहीत. समांतर पोर्टला लावायची सुरक्षा किल्ली असलेल्या आज्ञावल्यांना त्या पोर्टअभावी नव्या यंत्रावर स्थान उरत नाही. पेजमेकरसारख्या, २००१ नंतर मोठी आवृत्ती न आलेल्या आज्ञावलीतील धारिका उघडण्यासाठी ती आज्ञावलीच हाताशी असावी लागते. यासाठी श्रेणीवर्धनापूर्वी पुढील गोष्टी करून ठेवणे इष्ट असते.

१. संगणकातील टंकांच्या सर्व धारिका वेगळ्या संचात जतन करणे. कोणता मजकूर कोणत्या टंकात आहे याचीही नोंद करणे.
२. प्रत्येक महत्त्वाचा दस्तऐवज पीडीएफ रूपात जतन करणे. पीडीएफमध्ये टंक अंतर्भूत झाल्यास मजकुराचे दृश्य रूप टिकते, परंतु त्यात मराठी शब्द शोधता येत नाही.
३. पुढे संपादन करावयाचा मजकूर परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये रूपांतरित करणे आणि तो मूळ प्रतीशी ताडून पाहणे.

ताडून पाहण्याची आवश्यकता लिपीच्या स्वरूपामुळे निर्माण होते. जुन्या टंकांत ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षरानंतर टंकित होतो. युनिकोडमध्ये हा क्रम उच्चारानुसार, म्हणजे नेमका उलट असतो. जोडाक्षरांत परिवर्तक येथे चुकू शकतो. मराठीतील अर्धचंद्राकृती 'र' हे आणखी एक चुकीचे स्थान आहे. तो रफारात बदलला गेला, तर 'दऱ्या'चे 'दर्या' आणि 'आचाऱ्यांना'चे 'आचार्यांना' होते. दोन्ही शब्द शुद्ध असल्याने शुद्धलेखन तपासनीस ही चूक दाखवीत नाही. मजकुरात मधूनच आलेले इंग्रजी शब्दही परिवर्तक देवनागरी समजून बदलतो आणि त्यांचा अर्थहीन अक्षरसमूह होतो. म्हणून घराण्याची वंशावळ, पुस्तकाचे हस्तलिखित, संस्थेचे इतिवृत्त असा मजकूर रूपांतरानंतर माणसाने वाचणे अपरिहार्य आहे.

युनिकोडमध्ये आधीच लिहिलेल्या मजकुरास असा धोका नसतो. फार तर 'मंगल' टंक बसवलेला नसल्यास मजकूर 'निर्मला यूआय'मध्ये दिसतो आणि ओळींची व पानांची मांडणी सरकते. मराठी भाषा जोडल्यावर ही अडचण दूर होते.

कळफलक

शासकीय वाणिज्य प्रमाणपत्र परीक्षेसाठी टंकलेखन शिकलेल्या पिढीच्या बोटांत रेमिंग्टन कळफलक बसलेला आहे. विंडोजमध्ये मराठीसाठी इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी कळफलक मुळात मिळतात, रेमिंग्टनसाठी वेगळी आज्ञावली बसवावी लागते. ती नव्या आवृत्तीवर चालते का, हे आधीच पाहिल्यास सवयीचा वेग टिकवता येतो.

वाशीम जिल्ह्यासारख्या ठिकाणी घ्यावयाची दक्षता

वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे जिल्ह्यातील सहा तालुके होत. नीती आयोगाच्या २०१८ मधील आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातील ज्या चार जिल्ह्यांचा समावेश झाला, त्यांत वाशीम आहे. ग्रामीण वस्ती अधिक असलेल्या अशा जिल्ह्यात पुढील बाबी विशेष लक्षात घ्याव्या लागतात.

वीज : श्रेणीवर्धन चालू असताना वीज गेल्यास प्रणाली अर्धवट स्थितीत राहू शकते. टेबलावरील संगणकास यूपीएस असावा. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भारित असावी आणि तो विजेस जोडलेलाही असावा.

माहितीचा वापर : विंडोज ११ ची धारिका ५ जीबीहून मोठी असते आणि त्यानंतरची अद्यतने वेगळी. भ्रमणध्वनीवरील दैनिक मर्यादेत हे काम पूर्ण होत नाही. ज्यांच्याकडे अमर्याद जोडणी आहे अशा ठिकाणी ही धारिका पेनड्राइव्हवर उतरवून आणता येते. ती मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी.

हंगाम : पीकविमा, शिष्यवृत्ती, प्रवेश यांच्या अर्जांची मुदत जवळ आली असताना संगणकाची मांडणी बदलणे टाळावे.

दुरुस्ती करणाऱ्याची निवड : नवी विंडोज टाकताना डिस्क पूर्ण पुसण्याची पद्धत सोपी असल्याने सर्रास वापरली जाते. त्यात सी विभागातील, विशेषतः डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स येथील धारिका नष्ट होतात. संगणक दुसऱ्याच्या हाती सोपवण्यापूर्वी प्रत काढणे आणि डिस्क पुसू नये असे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. अपरवाना प्रत बसवून घेतल्यास अद्यतनांची शाश्वती राहत नाही आणि श्रेणीवर्धनाचा मूळ हेतूच विफल होतो.

पूर्वतयारी

मजकुराच्या किमान दोन प्रती असाव्यात आणि त्यांपैकी एक संगणकापासून वेगळी ठेवावी. प्रत काढल्यानंतर ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी, कारण न उघडलेल्या प्रतीवर विसंबता येत नाही. विंडोज ११ च्या नव्या मांडणीत मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केल्यास डिस्क आपोआप कूटबद्ध होऊ शकते. तिची पुनर्प्राप्ती किल्ली त्या खात्यात साठवलेली असते. खात्याचा पत्ता व परवलीचा शब्द हरवल्यास आणि संगणकाने ती किल्ली मागितल्यास स्वतःचाच मजकूर कायमचा बंद होतो. पुष्कळदा असे खाते दुकानदार किंवा घरातील दुसरी व्यक्ती उघडून देते. म्हणून खात्याचा तपशील आणि ही किल्ली कागदावर लिहून घरातील अन्य महत्त्वाच्या कागदपत्रांसोबत ठेवणे हिताचे असते.

निर्णयाचे निकष

महाजालावर आर्थिक किंवा शासकीय व्यवहार होणारा संगणक पात्र असल्यास, जुन्या मजकुराची प्रत काढून विंडोज ११ कडे जाणे उचित ठरते. पात्र नसलेला, पण सुस्थितीतील संगणक विस्तारित अद्यतनांच्या मुदतीत लिनक्सवर चालवून पाहता येतो. ज्या संगणकाचे महत्त्व त्यातील जुन्या टंकसंचासाठीच आहे, तो महाजालापासून तोडून तसाच राखावा आणि त्यातील मजकूर क्रमाक्रमाने युनिकोडमध्ये आणावा. मजकूर एकदा युनिकोडमध्ये आला की पुढील प्रत्येक श्रेणीवर्धनाच्या वेळी केवळ यंत्राचाच विचार करावा लागतो.

हेही पाहा

संचालन प्रणाली
युनिकोड
देवनागरी
इनस्क्रिप्ट कळफलक
लिनक्स
वाशीम जिल्हा